द हूचा एंटविसल: इतके सूर कशासाठी?

तुझा प्रश्न थोडक्यात असा. कॉलेजच्या बँडमध्ये तू बास गिटार वाजवतोस. एक गिटार, एक बास, ड्रम्स आणि गायक, बस. सगळे सांगतात म्हणून 'द हू' या ब्रिटिश रॉक बँडचा 'लाइव्ह ॲट लीड्स' हा अल्बम ऐकलास आणि गोंधळलास. तुला शिकवलंय की बासवाल्यानं जागा सोडावी, ड्रमरच्या किकला (पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमला) चिकटून राहावं, गाण्याच्या मध्ये येऊ नये. आणि इथे त्यांचा बासवादक जॉन एंटविसल सुटलाय तो सुटलाच आहे. व्हिडिओ पाहावा तर स्टेजवर तिघं आकाशपाताळ एक करतायत आणि हा पुतळ्यासारखा उभा. तरीही चाहते त्याला देव मानतात. २०११ मध्ये 'रोलिंग स्टोन'च्या वाचकांनी तर मतं देऊन सगळ्या काळातला पहिल्या क्रमांकाचा बासवादक ठरवलं. हे कौतुक नेमकं कशाचं, आणि त्यातलं तू काय उचलायचंस? आणि शेवटी, तारा कुठल्या घ्यायच्या?

मी बरीच वर्षं बास वाजवला. आधी हिंदी-मराठी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात, मग रॉक बँडमध्ये, आणि आता बहुतेक वेळ मिक्सरच्या मागे जातो. त्यामुळे उत्तर वादकाचंही आहे आणि साउंडवाल्याचंही. लांब होईल, चहा घेऊन बस.

जागा सोडावी हा नियम चुकीचा नाही, पण तो कुठून आला ते बघ. ज्या बँडमध्ये कीबोर्ड आहे, दोन गिटारी आहेत, कदाचित ब्रास आहे, तिथे मधली जागा आधीच भरलेली असते. तिथे बासनं कमी आणि नेमकं वाजवणं हाच शहाणपणा. ऑर्केस्ट्रात मी तेच करायचो. तिथे मी एंटविसल काढला असता तर दुसऱ्या गाण्याला हाकलला गेलो असतो.

द हूचं स्टेज वेगळं होतं. रॉजर डॉल्ट्री गातो, माइक दोरीसारखा फिरवतो, अधूनमधून हार्मोनिका. पण कॉर्ड वाजवणारं वाद्य त्याच्या हातात नाही. पीट टाउनझेंड गिटारवर आहे, पण तो क्लॅप्टन किंवा हेंड्रिक्ससारखा लांबलचक सोलो घेणारा नाही. त्याची ताकद उजव्या हातात: मोठ्या, उघड्या कॉर्ड, हात पवनचक्कीसारखा फिरवून मारलेल्या, आणि मग त्या घुमू देणं. आणि ड्रमवर कीथ मून. मूनला ठेका धरून बसणं मान्यच नव्हतं. हाय-हॅटवर टिक-टिक करत वेळ राखायची हे काम त्यानं जवळजवळ सोडून दिलेलं. तो गायकाच्या ओळीवर वाजवतो, गिटारच्या झटक्यावर वाजवतो, टॉमवरून धबधब्यासारखा खाली येतो, क्रॅश सिंबल मारतच राहतो.

म्हणजे इथे किकला चिकटून राहा हा सल्ला पाळायचा म्हटलं तरी पाळता येत नाही. चिकटायचं कशाला? पुढच्या मात्रेला ती किक कुठे पडणार हे मूनलाही ठाऊक नसायचं.

मग लय कोण राखत होतं? टाउनझेंड. तबल्याच्या सोलोमध्ये हार्मोनियमवाला एकच लेहरा धरून बसतो आणि त्याच्या जिवावर तबलजी हवा तिथे जाऊन समेवर परत येतो, ही रचना तुला माहीत असेल. द हूच्या स्टेजवर लेहरा धरायचं काम गिटारकडे होतं आणि मोकळं सुटायची मुभा बास आणि ड्रमला. जगातल्या बहुतेक रॉक बँडच्या बरोबर उलट. हे एकदा ध्यानात आलं की एंटविसल "सतत वाजवत सुटलेला" वाटत नाही. दुसऱ्या बँडमध्ये लीड गिटारवाल्याला जी जागा मिळते ती इथे रिकामी होती, आणि ती त्यानं खालच्या सुरांतून भरली.

आता ऐकण्याची एक युक्ती. 'लाइव्ह ॲट लीड्स'च्या स्टीरिओ मिक्समध्ये बास एका बाजूला आहे आणि गिटार दुसऱ्या बाजूला. हेडफोन लाव आणि आधी फक्त बासच्या बाजूचा कान ऐक, दुसरा काढून ठेव. सुरुवात 'यंग मॅन ब्लूज'पासून कर. हे मूळचं मोझ ॲलिसनचं छोटंसं, पियानोवरचं गाणं. द हूनं त्याचा डोंगर केलाय. त्यात डॉल्ट्री एक ओळ एकटाच म्हणतो, सगळी वाद्यं बंद. मग तिघंही एकदम कोसळतात. पुन्हा बंद. तू म्हणतोस ना जागा सोडत नाही. या थांबण्यांकडे लक्ष दे. किती स्वच्छ थांबतात. इतक्या आवाजात, इतक्या जड ॲम्प्लिफायरवर तार एका क्षणात गप्प करणं हे वाजवण्याइतकंच अवघड काम आहे. दोन्ही हातांनी तार दाबावी लागते, नाहीतर ती गुरगुरत राहते.

दुसरं लक्ष कॉर्ड बदलते त्या क्षणाकडे दे. मध्ये तो कितीही वर गेलेला असो, बाराव्या पट्टीच्या पलीकडे असो, कॉर्ड बदलताना बहुतेक वेळा तो मूळ सुरावर हजर असतो. एक तान, आणि समेला घरी. तेवढं एक ठिकाण पक्कं आहे म्हणून मधला सगळा प्रवास कानाला भरकटल्यासारखा वाटत नाही. माझ्या मते नवे वादक नक्कल करताना इथेच घसरतात: त्यांना तान ऐकू येते, घरी येणं ऐकू येत नाही.

मग त्याच रेकॉर्डवरचं 'समरटाइम ब्लूज' लाव. मूळ एडी कॉकरनचं. त्यात बॉसच्या आणि खासदाराच्या तोंडची जी खोल आवाजातली वाक्यं आहेत ती एंटविसल म्हणतो. बास वाजवता वाजवता, बोलण्याच्या सुरात, टायमिंग अचूक. तुला म्हणून बघ, मग कळेल.

आता त्याचा आवाज. चाहत्यांच्या कौतुकातला मोठा भाग इथे आहे, आणि त्यामागे चक्क तारांचा इतिहास आहे.

बासची सर्वांत जाड ई तार मोकळी वाजवली की तिची मूळ कंपनसंख्या सुमारे ४१ हर्ट्झ असते. तिथे कानाला सूर ऐकू येण्यापेक्षा पोटात काहीतरी हलल्यासारखं जास्त वाटतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला बासच्या तारा फ्लॅटवाउंड असायच्या, म्हणजे बाहेरची गुंडाळी सपाट पट्टीची. आवाज गोल, मऊ, पटकन विरणारा. वरचे स्वरांश नाहीतच. असा बास गाण्याला आधार देतो, पण त्यावर कोणी काही बोललं तर शब्द कळत नाहीत. एंटविसलला बोलायचं होतं.

१९६५ मध्ये 'माय जनरेशन' रेकॉर्ड केलं तेव्हा त्यानं डॅनइलेक्ट्रो नावाचा बास आणला, कारण त्याच्या तारा पातळ होत्या आणि आवाज झणझणीत यायचा. गिटार सोलो जिथे यावा तिथे या गाण्यात बास बोलतो. हिट झालेल्या रॉक गाण्यात बासला असं पुढे आणल्याचं हे सुरुवातीचं मोठं उदाहरण. पण पातळ तारा तुटायच्या आणि ब्रिटनमध्ये तशा सुट्या तारा मिळत नव्हत्या. मग काय, नवा बासच विकत घ्यायचा. तोही तुटला की आणखी एक. शेवटी त्यानं फेंडर जॅझ बासवर वेगळ्या तारा लावून ते वाजवलं, आणि रेकॉर्डवर आहे ते हे. त्यानं स्वतः हा किस्सा पुढे अनेकदा सांगितला. गाणं ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं.

पुढच्या वर्षी तो तारा बनवणाऱ्या रोटोसाउंड कंपनीच्या जेम्स हाव यांच्याकडे गेला. गोल तारेची गुंडाळी असलेल्या, राउंडवाउंड तारा त्याला हव्या होत्या, पण जाड दोन तारा नीट थरथरत नव्हत्या. तिथे बसून एकामागून एक तारा लावून बघितल्या, सुधारल्या, आणि जे जमलं त्यातून रोटोसाउंडची ती प्रसिद्ध राउंडवाउंड मालिका उभी राहिली. आज तुझ्या बासवर ज्या तारा आहेत त्या बहुधा याच घराण्यातल्या. पियानोच्या खालच्या सप्तकासारखा तो कडक, घंटेसारखा आवाज आपण आता गृहीत धरतो. तो एका वादकाच्या हट्टातून आला हे बऱ्याच बासवाल्यांना माहीत नसतं.

तारांनंतर ॲम्प्लिफायर. द हूमध्ये आवाजाची शर्यत लागलेली होती. एंटविसल मार्शल कंपनीचे मोठे कॅबिनेट, म्हणजे स्पीकरच्या पेट्या, सुरुवातीला घेणाऱ्यांपैकी एक. ते आल्यावर टाउनझेंडला स्वतःची गिटार ऐकू येईना, म्हणून त्यानं घेतले. मग मून दोघांच्यावर जाण्यासाठी आणखी जोरात. रॉकमधला तो मार्शलचा मनोरा, जो पुढे सगळ्यांनी पाठीमागे उभा केला, तो या भांडणातून वाढला. पुढे दोघंही हायवॉट या दुसऱ्या कंपनीच्या ॲम्प्लिफायरवर गेले. सत्तरच्या दशकात एंटविसलनं आपला सिग्नल दोन वाटांनी न्यायला सुरुवात केली: खालचे सूर एका ॲम्प्लिफायरला, स्वच्छ, वरचे सूर दुसऱ्याला, जरा फाटलेले, करकरीत. याला आपण बाय-ॲम्पिंग म्हणतो. फायदा असा की वरचा भाग कितीही कुरतडला तरी खालचा पाया चिखल होत नाही. साउंडवाला म्हणून सांगतो, आजही बासचा एक चॅनल डीआय बॉक्समधून, म्हणजे वाद्याचा सिग्नल थेट मिक्सरला देणाऱ्या डबीतून, आणि एक कॅबिनेटसमोरच्या माइकवरून घेऊन आम्ही जे मिक्स करतो, त्यामागे हीच अक्कल आहे.

आणि हात. तो दोन बोटांनी वाजवायचा, पिकनं वाजवायचा, आणि शिवाय त्याची एक खास पद्धत होती जिला तो टाइपरायटर म्हणायचा. उजवा हात तारांच्या वर ठेवून चारही बोटांनी तारा फ्रेटबोर्डवर टपटपवायच्या. प्रत्येक सुराला एक ठोका मिळतो, ड्रमच्या काडीसारखा. ज्या बँडमध्ये ड्रमर सूर असल्यासारखा वाजवतो तिथे बासवादक ड्रमसारखा वाजवायला लागला.

लीड्सबद्दल तू विचारलं नाहीस, पण ही कथा बासवाल्याला माहीत हवी. १९६९ च्या अमेरिका दौऱ्यात त्यांनी कार्यक्रमांची बरीच रेकॉर्डिंग केली होती. लाइव्ह अल्बम काढायचा तर त्यातून निवडायचं, पण इतक्या टेप कोण ऐकणार? टाउनझेंडनं साउंड सांभाळणाऱ्या बॉब प्रिडनला त्या जाळून टाकायला सांगितलं. पुढे त्याला त्याची हळहळ वाटली, आणि वाटायलाच हवी. मग ठरलं की दोन कार्यक्रम मुद्दाम रेकॉर्ड करायचे: १४ फेब्रुवारी १९७० ला लीड्स विद्यापीठाच्या रिफेक्टरीत, म्हणजे विद्यार्थ्यांच्या जेवणाच्या हॉलमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी हल या शहराच्या सिटी हॉलमध्ये.

हलच्या टेपवर सुरुवातीच्या गाण्यांत बास नव्हताच. रेकॉर्ड झाला नाही. बँडनं हल बाजूला ठेवलं आणि लीड्सचा अल्बम काढला, म्हणून आज सगळं जग लीड्स म्हणतं. अल्बमवर फक्त सहा गाणी होती, वेष्टन एखाद्या चोरट्या रेकॉर्डसारखं तपकिरी, आणि लेबलवर सूचना की टेपमधली करकर तशीच आहे, दुरुस्त करायला जाऊ नका. एंटविसलचं स्वतःचं गाणं, 'हेवन अँड हेल', ज्यानं त्या काळात कार्यक्रम सुरू व्हायचा, ते त्यात नव्हतं. पुढच्या वाढीव आवृत्तीत आलं. त्या रात्री वाजवलेला 'टॉमी', म्हणजे गाण्यांतून एक कथा सांगणारा त्यांचा आधीचा अल्बम, तोही २००१ च्या आवृत्तीपर्यंत बाहेर आला नाही.

हल शेवटी २०१० मध्ये निघालं, लीड्सच्या चाळिसाव्या वर्षाच्या संचात. पहिल्या चार गाण्यांत जिथे बास नव्हता तिथे आदल्या रात्रीचा, लीड्सचा बास आणून जुळवला. विचार कर: क्लिक ट्रॅक, म्हणजे कानात वाजणारा मात्रांचा ठोका, नाही, ड्रमर मून, आणि तरी एका रात्रीचा बास दुसऱ्या रात्रीच्या गाण्यावर बसतो. संगणकावर अर्थातच बराच कापा-जोडा केला असणार, मी तो उद्योग करतो, मला माहीत आहे त्याला किती घाम लागतो. पण वादक दर रात्री मनाला येईल ते वाजवत असता तर कुठल्याही संगणकानं ते जुळवलं नसतं. म्हणजे जे ऐकताना अनिर्बंध वाटतं त्याचा सांगाडा पक्का ठरलेला होता. मला विचारशील तर एंटविसलच्या शिस्तीचा याहून चांगला पुरावा नाही, आणि तो एका बिघडलेल्या टेपनं दिला.

आता पुतळ्याबद्दल.

चाहते त्याला 'द ऑक्स' म्हणायचे, बैल. 'थंडरफिंगर्स' असंही म्हणायचे. टाउनझेंड उड्या मारतो, गिटार फोडतो. डॉल्ट्री माइक फेकतो. मूननं तर ड्रमसेट लाथाडून टाकलेला. चौथा माणूसही नाचायला लागला असता तर तो तमाशा झाला असता, मैफल नाही. प्रेक्षकाच्या डोळ्याला एक न हलणारी जागा लागते, म्हणजे बाकीचे किती हलतायत ते कळतं. आणि निव्वळ व्यवहाराचं सांगायचं तर टाइपरायटरसारखी पद्धत उड्या मारत जमत नाही.

पण तो अबोल होता म्हणजे मिश्कील नव्हता असं नाही. १९७० च्या आइल ऑफ वाइट महोत्सवात लाखोंच्या गर्दीसमोर हा माणूस सांगाड्याची चित्रं असलेला पोशाख घालून आला, आणि तोच न हलता उभा राहिला. 'बोरिस द स्पायडर' हे कोळ्यावरचं त्याचं गाणं, १९६६ चं, त्यात तो घशातून गुरगुरतो. हे गाणं ऐकायला लोक वर्षानुवर्षं मागणी करत राहिले. बँडचा मुख्य गीतकार टाउनझेंड, पण काळ्या विनोदाचा कप्पा एंटविसलचा. 'टॉमी'मधली सर्वांत दुष्ट माणसांची दोन गाणी टाउनझेंडनं त्यालाच लिहायला दिली होती. शाळेत असताना फ्रेंच हॉर्न शिकलेला, त्यामुळे रेकॉर्डिंगमधले ब्रासचे तुकडे बहुतेक तोच लिहायचा आणि वाजवायचाही. १९७३ च्या 'क्वाड्रोफीनिया'त हे भरपूर ऐकू येतं. त्याच अल्बममधलं 'द रिअल मी' मात्र बाससाठी ऐक. गिटार जवळजवळ ताल देते आणि बास गाण्याच्या बरोबरीनं गातो. तो म्हणायचा की मजा म्हणून वाजवत होतो आणि बाकीच्यांना तेच आवडलं. असेल. माझ्या हातून मजेत असं काही निघालेलं नाही.

त्याचं स्टेजवरचं काम उघडं करून ऐकायचं असेल तर शेपर्टनचं रेकॉर्डिंग शोध. २५ मे १९७८, शेपर्टनच्या फिल्म स्टुडिओत निमंत्रित प्रेक्षकांसमोर माहितीपटासाठी केलेलं वादन. 'वोन्ट गेट फूल्ड अगेन'चा तिथला फक्त बासचा ट्रॅक इंटरनेटवर फिरतो आणि बासवाल्यांमध्ये त्याचं पारायण चालतं. एकटा ऐकला तर वाटतं हा वेगळाच काहीतरी सोलो आहे. करकरीत, घसरणारा, मधेच दोन तारा एकत्र. या गाण्यात ऑर्गनचा आवाज सिंथमधून (सिंथेसायझरमधून) फिरवून टेपवर घेतलेला असतो आणि मून हेडफोन लावून त्याच्याबरोबर वाजवतो, म्हणजे इथे तरी लय पक्की बांधलेली आहे. तरीही एंटविसल आळसावत नाही. आणि मधल्या त्या लांब, नुसत्या सिंथच्या भागात तो काय वाजवतो? काहीच नाही. थांबतो. मग ड्रमचा तो लोट, डॉल्ट्रीची किंकाळी, आणि हा परत आत. प्रेक्षकांसमोरचं मूनचं द हूबरोबरचं ते शेवटचं वादन. सप्टेंबरमध्ये तो गेला.

त्यानंतरचा काळ मी मुद्दाम थोडक्यात उरकतो, कारण बासच्या दृष्टीनं तो कमी रंगतदार आहे, पण माझा मुद्दा त्यातूनच पक्का होतो. केनी जोन्स आला, चांगला, सरळ ठेका धरणारा ड्रमर. सगळं नीट झालं आणि काहीतरी गेलं. आता ड्रमच वेळ राखत होता, तर बासला सुटायचं कारण उरलं नाही. एंटविसल पूर्वीसारखाच वाजवतो पण आता ते सजावटीसारखं ऐकू येतं. १९८९ च्या दौऱ्यात तर स्टेजवर ब्रास, कीबोर्ड, कोरस, दुसरा गिटारवाला अशी जत्रा होती, कारण टाउनझेंडला कानांच्या त्रासामुळे बराच वेळ ॲकूस्टिकवर राहायचं होतं. तिथे ती जुनी रिकामी जागाच नव्हती. नव्वदीच्या उत्तरार्धात झॅक स्टार्की ड्रमवर आला, मूनच्या वळणावर वाढलेला, आणि म्हातारा एंटविसल पुन्हा पेटला. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये २७ नोव्हेंबर २००० ला '५.१५' या गाण्यातला त्याचा सोलो बघ. सगळं आयुष्य त्यात आहे, टाइपरायटरसकट. वय ५६, चेहरा तोच, बोटं दिसत नाहीत.

म्हणून मी म्हणतो की एंटविसल एकटा काढून मोजता येत नाही. शेजारी मून आणि टाउनझेंड होते म्हणून त्याचे इतके सूर बरोबर होते.

या कौतुकात चाहते एक गोष्ट चटकन ओलांडून जातात, ती मी ओलांडणार नाही, कारण हा माझा धंदा आहे. ३१ मे १९७६, लंडनमधलं चार्लटनचं फुटबॉल मैदान. स्पीकरपासून ३२ मीटरवर १२६ डेसिबल मोजले गेले आणि गिनेसच्या पुस्तकात सर्वांत मोठ्या आवाजाचा कार्यक्रम म्हणून नोंद झाली. मुलं हे छाती फुगवून सांगतात. हिशेब कर. कानासाठी ८५ डेसिबल आठ तास चालतात असं सर्वसाधारण मानतात, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होते. १२६ ला सुरक्षित वेळ निघते जेमतेम दोन सेकंद. आणि हे ३२ मीटरवर. मोकळ्या मैदानात अंतर निम्मं केलं की ढोबळमानानं सहा डेसिबल वाढतात. पुढच्या रांगेतल्यांचं काय झालं असेल ते तूच ठरव. आपल्याकडे निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि धोबीतलावच्या रंगभवनातले रॉकचे कार्यक्रम शांतता क्षेत्राच्या नियमापायी थांबले तेव्हा आम्ही सगळे संतापलो होतो. संताप अजून आहे, कारण मुंबईला तसं दुसरं उघडं मंच मिळालं नाही. पण टाउनझेंडचे कान बिघडले, एंटविसलला शेवटच्या वर्षांत नीट ऐकू येत नव्हतं, आणि गिनेसनं पुढे तो प्रकारच बंद केला, कान जाऊ नयेत म्हणून. त्यामुळे तुझ्या बँडच्या रिहर्सल रूममध्ये इअरप्लग हवेतच. वादकांसाठीचे, सगळे सूर सारखे कमी करणारे मिळतात; कापसाचे बोळे नकोत, ते फक्त वरचे सूर खातात.

एंटविसल २७ जून २००२ ला लास वेगासच्या एका हॉटेलात गेला, अमेरिकेचा दौरा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी. हृदयविकार, आणि त्यात कोकेनचा हात. काही दिवसांतच बँड हॉलिवूड बोलमध्ये उभा राहिला, बासवर पिनो पॅलाडिनो. जगातल्या उत्तम बासवादकांपैकी एक, मापात वाजवणारा, नेमका, ऊबदार. जुने चाहते नाराज झाले. मला वाटतं पॅलाडिनोनं नक्कल केली नाही हे बरंच केलं. पण ती रेकॉर्डिंग लीड्सच्या शेजारी लावून ऐक, एकाच गाण्याची. गाणं तेच, गायक-गिटार तेच, आणि मधली भिंत गायब. बास काय करत होता हे बास काढून घेतल्यावर कळतं.

आता तुझं. तुमच्या बँडमध्येही एकच गिटार आहे म्हणालास, म्हणून मोह होणार. आधी तुझा गिटारवाला काय करतो ते बघ. तो सोलोला गेल्यावर खालून कॉर्ड नाहीशी होते, आवाज पोकळ होतो. तिथे तू मधल्या दोन तारांवर ये, दोन सूर एकत्र वाजव, सूर जास्त भर. तो कॉर्ड मारतोय आणि तुमचा ड्रमर सरळ ठेका धरतोय तर तिथे तुझ्या शिकवणाऱ्याचं ऐक आणि किकबरोबर राहा. एकाच गाण्यात दोन्ही करता येतं. रिहर्सल फोनवर रेकॉर्ड कर, फोन ड्रमपासून लांब ठेव, आणि दुसऱ्या दिवशी ऐक की कॉर्ड बदलताना तू घरी होतास का. आणि 'माय जनरेशन'चं लीड्सवरचं पंधरा मिनिटांचं रूप एवढ्यात बसवायला घेऊ नका. ते गाणं नाही, एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखणाऱ्या चौघांच्या गप्पा आहेत.

तारांचं शेवटी विचारलंस: राउंडवाउंड, स्टीलच्या, मध्यम जाडीच्या घे. पहिले काही दिवस बोटं दुखतील आणि फ्रेटवर खरखर होईल, ती हळूहळू बसते. महिनाभरात चकाकी जाते; एंटविसलसारखा आवाज हवा तर नव्या तारा बदलत राहाव्या लागतात, आणि त्या स्वस्त नाहीत. त्यामुळे रियाज जुन्यांवर कर, कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी नव्या लाव, ताणून बसू दे. साउंडचेकला इंजिनियरनं तुझा वरचा भाग कापायला घेतला तर भांडू नकोस. गिटारवाल्याला त्याचा खालचा भाग थोडा कमी करायला सांग, मग इंजिनियरला कापायची गरजच पडणार नाही.